बाहेर बोला, आत दाखवा

पत्र : माझं वय २७, इतिहासात एम.ए. केलंय, राहायला जळगाव. नोकरीची वाट बघत बसण्यापेक्षा गाईडचं काम करावं म्हणून यंदा दोन सहली केल्या. पहिली अजिंठ्याची. अमळनेरकडच्या निवृत्त शिक्षकांचा गट, ३४ जण. सगळी लेणी दाखवायचीच असं ठरवून गेले होते. दहाव्या लेण्यापर्यंत निम्मे लोक बाहेर कठड्यावर बसले, माझा घसा बसला आणि एका कर्मचाऱ्याने बाजूला घेऊन परवाना विचारला तो वेगळाच. दुसरी सहल चाळीसगावजवळच्या पाटण्याची. तिथे मी ‘भास्कराचार्य इथलेच’ म्हटलं आणि एका गृहस्थांनी ‘कशावरून?’ म्हणून सगळ्यांसमोर धरलं. तारखा, राजे, जातककथा मला सगळं पाठ आहे. मग असं का होतं? पैसे किती मागावेत तेही कळत नाही. पुढच्या महिन्यात भुसावळच्या एका महिला मंडळाला अजिंठ्याला न्यायचंय. सोमवारचं ठरतंय, त्या दिवशी गर्दी नसते म्हणतात.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : परवान्याचं आधी संपवू. केंद्राच्या संरक्षित स्मारकात पैसे घेऊन लोकांना फिरवायचं तर पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. १९५९ च्या नियमांत, फेरीवाले आणि जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या कलमातच, हेही लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्हाला विचारणारा कर्मचारी चुकला नाही. अजिंठ्याला हे लागू आहे, तसंच चांगदेव गावच्या मंदिराला आणि पाटण्याच्या महादेव मंदिरालाही. खात्याचं मंडळ कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथे स्वतः जा आणि सध्या अर्ज घेतात का, कोणत्या स्मारकासाठी घेतात, हे लेखी विचारा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ‘इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम करायला हरकत नाही. मात्र त्या प्रमाणपत्रावर नेमकं कुठे उभं राहता येईल हे फी भरण्याआधी त्याच कार्यालयात विचारून घ्या.

परवाना हातात येईपर्यंत टूर लीडर म्हणून काम करा. गट जमवणं, गाडी, वेळ, जेवण आणि गाडीतलं बोलणं तुमच्याकडे. स्मारकाच्या आत परवानाधारक गाईड पैसे देऊन घ्यायचा. त्याचे पैसे तुमच्या हिशेबातून जातील हे खरं, पण एखादा मुरलेला गाईड कुठे थांबतो आणि कुठे न थांबता पुढे जातो हे दहा सहली फुकटात बघायला मिळेल. खाली लेण्यांच्या आतलं जे लिहिलंय ते त्याच्याशी आधी बोलून ठरवा, आणि परवाना मिळाला की तुमचं तुम्ही वापरा.

आता मूळ दुखणं. अजिंठ्यात ३० लेणी आहेत. एका दिवसात, चालत, साठीच्या माणसांना ती दाखवता येत नाहीत. दाखवली तरी संध्याकाळी त्यांना दारांची रांग तेवढी आठवते. पाच लेणी निवडा: १, १०, १७, १९ आणि २६. रेंगाळणाऱ्यांसाठी दुसरं जमेस धरा. यात जुना काळही आला आणि नवाही, चित्रंही आली आणि शिल्पंही. पहिल्या लेण्याला २५ मिनिटं, दहाव्याला १५, सतराव्याला ३०, एकोणिसाव्याला १५, सव्विसाव्याला २५. झाले ११० मिनिटं. त्यात चालणं, बसणं, चपला काढणं-घालणं याचा एक तास मिळवा. जेमतेम तीन तासांत गट खाली येतो, आणि तेवढाच वेळ साठीच्या माणसाचे गुडघे आणि लक्ष दोन्ही टिकतात.

घसा बसला तो आत बोलल्यामुळे. लेण्यात आवाज घुमतो, शेजारी दुसरा गट असतो, तुम्ही आवाज चढवता, तोही चढवतो, आणि मागच्या रांगेतल्या काकूंना दोघांचंही कळत नाही. त्यात डोळ्यांची भर. खानदेशातल्या उन्हातून एकदम आत शिरलेल्या माणसाला काळोखात रंग ओळखू यायला पाच-सात मिनिटं लागतात, वय झालेल्याला आणखी जास्त. नेमक्या त्याच मिनिटांत तुम्ही त्याला ‘हा पद्मपाणि बोधिसत्त्व, हातातलं कमळ बघा’ म्हणून सांगत असता. त्याला भिंत दिसते, कमळ नाही. दोनदा असं झालं की तो ‘हो हो’ म्हणायला लागतो, तिसऱ्यांदा कठड्यावर जाऊन बसतो. तुमचे शिक्षक कंटाळून बसले नव्हते. त्यांना दिसतच नव्हतं.

म्हणून सांगायचं ते सगळं बाहेर ओसरीत सांगा. गटाला सावलीत, दरीकडे पाठ करून उभं करा, म्हणजे उजेडाने डोळे दिपणार नाहीत आणि नजर लेण्याकडे राहील. उघड्यावर बोलायची वेळ आली तर ऊन तुमच्या तोंडावर घ्या, त्यांच्या पाठीवर असू द्या. माणूस डोळे किलकिले करून ऐकत नाही. शेवटचा माणूस येऊन टेकेपर्यंत तोंड उघडू नका. चालता चालता बोललेलं फक्त पुढच्या चौघांना ऐकू जातं. बाकीचे तीस, आपण पैसे भरले ते कशाचे, असा विचार करत येतात. चार-पाच मिनिटांत आत काय बघायचं आहे ते सांगा आणि मग आत न्या. आत गेल्यावर दोन मिनिटं पूर्ण गप्प. अवघड जातं, कारण गप्प राहिलं की आपण काहीच काम करत नाही असं वाटतं. त्या दोन मिनिटांत डोळे सरावायला लागतात. मग हळू आवाजात एकेक वाक्य.

ओसरीत दाखवायला छापील चित्रं न्या. प्रत्येक लेण्यामागे एक किंवा दोन तपशील, ए-फोर आकारात, मॅट लॅमिनेशन केलेले. चकचकीत लॅमिनेशन उन्हात आरसा होतं. लोक आधी कागदावर बघतात, मग आत जाऊन शोधतात, आणि स्वतः शोधलेलं विसरत नाहीत. आत लेझरचा ठिपका, काठी, मोबाइलचा फ्लॅश यातलं काहीही नको. फ्लॅशला बंदीच आहे. जागा सांगायला घड्याळ वापरा: ‘दाराला घड्याळाचा मध्य धरा, दहाच्या जागी बघा.’ हे कोणालाही कळतं, आणि शिक्षकांना तर फारच आवडतं.

काय दाखवायचं याचा एक नमुना देतो. सतराव्या लेण्यात, गाभाऱ्याच्या अलीकडच्या भागात, बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभे आहेत आणि समोर यशोधरा व राहुल. ओसरीत इतकंच सांगा की एक माणूस बायको-मुलाला सोडून गेला होता, तो परत आलाय, पण भिक्षा मागायला. बस. आत नेऊन विचारा, या तिघांत मोठा कोण काढलाय? बुद्ध भिंतभर आहेत, मायलेक त्यांच्यापुढे अगदी लहान. मग विचारा, आईचे हात कुठे आहेत? ती मुलाला पुढे करते आहे. कोण कोणाकडे बघतंय? इथे बायका आपसांत बोलू लागतात. त्यांना बोलू द्या. वाकाटकांचा हरिषेण, पाचवं शतक, हे लेणं खोदवणारा वेगळा स्थानिक राजा, हे सगळं त्यानंतर दोन वाक्यांत येतं आणि तेव्हाच डोक्यात राहतं. तुमचा क्रम उलटा होता: आधी हरिषेण, मग चित्र.

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेलं नाव दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. दाखवा, पण एक प्रश्न जोडून. २८ एप्रिल १८१९ ही तारीख असलेली ती अक्षरं आज माणसाच्या डोक्याच्या बरीच वर आहेत. तो एवढ्या उंचीवर पोचला कसा? लेणं तेव्हा दगडमातीने भरलेलं होतं, तो त्या ढिगावर उभा होता. यावरून लेणी किती बुजलेली होती ते न सांगता कळतं. तिथून पुढे एकोणिसाव्या आणि सव्विसाव्यात छताकडे बघायला सांगा. कमानीला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, ज्यांचा आधाराला काडीचा उपयोग नाही. खानदेशातल्या माणसाला हे समजावायला वास्तुशास्त्र लागत नाही. धाब्याच्या घरात वर लाकडी कड्या असतात, तशा या आहेत. दहाव्या लेण्यात अशा फासळ्या खऱ्या लाकडाच्या होत्या, त्या गेल्या. काही शतकांनी पुढच्यांनी त्या दगडातच कोरून टाकल्या, कारण चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, म्हटलं की कड्या हव्यातच, ही डोळ्यांची सवय. सव्विसाव्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचं सुमारे सात मीटर लांबीचं शिल्प आहे. तिथे गटाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावा, उशीपासून पायांपर्यंत. खाली बसलेले शिष्य शोक करताहेत, वर देव आनंदात आहेत. दोन्ही रांगा दाखवून थांबा.

पहिल्या लेण्यातल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर डावीकडून, उजवीकडून आणि समोरून उजेड टाकून तीन भाव दाखवायचा खेळ तुम्ही पाहिलाच असेल. लोकांना तो आवडतो. पण पाच मिनिटं जातात, मागे रांग तुंबते, आणि पद्मपाणि बघायचा राहून जातो. वेळ कमी असेल तर हा खेळ सोडा. त्याऐवजी खांबावरची चार हरणं दाखवा, चार धडं आणि डोकं एकच. मुलांचा गट असेल तर कुठलं धड झाकलं की डोकं त्याच्या शेजारच्याचं होतं, हे ती पंधरा सेकंदांत शोधतात.

एक शब्द सुधारा. ही चित्रं ‘फ्रेस्को’ असं म्हणायची पद्धत आहे, पण ओल्या गिलाव्यावर रंग मुरवायची ती पद्धत इथली नाही. खडबडीत ठेवलेल्या खडकावर भुसा, गवत असं मिसळलेल्या मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर रेखाटन आणि मग डिंकासारखं काहीतरी चिकट घालून रंग. मातीचा गिलावा आणि भुसा तुमच्या गटातल्या निम्म्या बायकांनी स्वतःच्या हाताने कालवलेला असतो. त्यांनाच विचारा की भुसा का घालतात. भिंत तडकू नये म्हणून, हे उत्तर समोरून येतं, आणि चित्रं का पडतात तेही मग एका वाक्यात सांगता येतं: माती सुटली की वरचं चित्र तिच्यासोबत जातं.

आता पाटण्याचा तो ‘कशावरून?’. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचे आभार माना. पाटण्याच्या शिलालेखात काय आहे? डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. शके ११२८ चा उल्लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (मुक्ताबाईंचा चांगदेव वेगळा, हा घोटाळा दर सहलीत होतो, तेव्हा आधीच सांगून टाका) याने आजोबांचे ग्रंथ, सिद्धांतशिरोमणी वगैरे, शिकवायला मठ काढला. निकुंभ या स्थानिक राजघराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. एवढं लेखात आहे. भास्कराचार्यांचा जन्म पाटण्यात झाला असं लेखात नाही. ते स्वतः जन्मसाल शके १०३६ सांगतात आणि गावाचं नाव सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं देतात. ते विज्जडविड म्हणजे नेमकं कोणतं गाव यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पाटणे हा त्यातला एक दावा.

म्हणून बोलताना तीन शेपट्या वापरायची सवय लावा: ‘लेखात आहे’, ‘अभ्यासक मानतात’, ‘गावात सांगतात’. प्रत्येक विधानाला यातली एक लावायचीच. नातवाचा मठ – लेखात आहे. विज्जडविड म्हणजे पाटणे – काही अभ्यासक मानतात. सीतेची न्हाणी – गावात सांगतात. गावातली गोष्ट गाळायची नाही. ती जागेला चिकटलेली असते आणि लोकांना हवी असते. फक्त तिच्यावर शेपटी लावायची. असं केलं की ‘कशावरून?’ हा प्रश्न भांडणासाठी उरत नाही, कारण उत्तर तुम्ही आधीच दिलेलं असतं. एरंडोल, फरकांडे, पारोळा, जिथे जिथे पांडव, राणी, भुयार आणि गुप्तधन यांची गर्दी आहे, तिथे ही सवय फार वाचवते. भुयार तर खानदेशातल्या प्रत्येक किल्ल्यातून बुऱ्हाणपूरला जातं.

त्याच लेखातली एक ओळ पाठ करा, राजांच्या वंशावळीपेक्षा ती कामाची आहे. संस्कृत संपल्यावर जुनी मराठी सुरू होते: ‘इयां पाटणीं जें केणें उघटे…’ केणें म्हणजे विकायला आलेला माल. या पाटणात जो माल विक्रीला निघेल त्यावरचं राजाचं येणं मठाला दिलं, असा आशय. आठशे वर्षांपूर्वीच्या बाजाराची मराठी, ती मोठ्याने वाचली की माणसं ‘परत म्हणा’ म्हणतात. तेव्हा सावकाश परत म्हणा आणि ‘उघटे’ला ‘उघडे’ शेजारी ठेवून दाखवा.

उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा, विचारणाऱ्यासमोरच वहीत प्रश्न लिहा आणि त्याच रात्री गटाच्या व्हॉट्सॲपवर उत्तर टाका. रात्रीच. दोन दिवसांनी टाकलेलं उत्तर कोणी वाचत नाही. आणि प्रश्न आला की आधी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने परत म्हणा, मग उत्तर द्या.

भुसावळच्या मंडळासाठी तुमच्या हातात एक आयतं पान आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याची चित्रं उतरवत बसला होता. त्याने केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये तो वारला, आणि त्याचं थडगं भुसावळला आहे. हे गाडीत सांगा, जळगाव सोडल्यावर नेरी-पहूरच्या दरम्यान. त्यांच्या गावातला माणूस म्हणून त्या गिलला लेण्यापर्यंत सोबत घेऊन जातील. गिल आणि पारो या इथल्या तरुणीची प्रेमकथाही विचारतील. तिला दोन मिनिटं द्या, शेपटी लावा आणि आवरा, नाहीतर सहल तिचीच होते.

बोलीचं जपून. अमळनेर-धुळ्याकडच्या गटाला मधूनच ‘आते दखा’ म्हटलं की माणसं मोकळी होतात. भुसावळ-यावल-रावेरकडे अहिराणी घरची नाही, तिकडे तावडी आणि लेवा बोली. तिथे अहिराणीचा झटका दिला तर ‘ही धुळ्याची दिसते’ असं होतं. आणि बोली येत नसेल तर नक्कल करू नका.

आता पाय, पाणी आणि पोट. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. सातला निघा. फर्दापूरच्या टी-पॉइंटला तुमची गाडी थांबते आणि पुढचे चार किलोमीटर तिथली बस नेते. टी-पॉइंटला स्वच्छतागृहात सगळ्यांना जाऊ द्या, ‘मला नको’ म्हणणारीलाही. वर लेण्यांच्या रांगेत सोय धरून चालू नका. बसमध्ये गट तुटतो, म्हणून चढताना मोजा आणि उतरताना मोजा. मोजणं सोपं व्हावं म्हणून प्रत्येकीला नंबर द्या, तिने आपला नंबर म्हणायचा. गटातली एक चपळ बाई शेपूट म्हणून नेमा: तिच्या मागे कोणी राहायचं नाही. पायऱ्या न झेपणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात. भाव खालीच, चढण्याआधी, जाण्या-येण्याचा मिळून ठरवा. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात आणि दुपारी बाहेरचा दगड तव्यासारखा तापतो, म्हणून जाड मोजे आणायला सांगा. पाणी माणशी दीड लिटर, शिवाय तुमच्या पिशवीत ओआरएसची दहा पाकिटं. जेवण उतरल्यावर. एकदा शेवभाजी-भाकरी पोटात गेली की चौदा नंबरचं लेणंही कोणी चढत नाही.

एप्रिल-मे टाळता आलं तर टाळा. नाही टळलं तर दार उघडताच आत आणि बाराच्या आत खाली. कोणी घाम यायचा थांबला, असंबद्ध बोलायला लागली, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पाटण्याला पावसाळ्यात धोका उलटा. वर पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असताना ओढा चढतो. पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, की पलीकडच्यांना तत्काळ बोलवा. ते गौताळा अभयारण्य आहे, अंधाराआधी बाहेर पडायचंच.

मधमाश्यांची पोळी कड्यांवर असतात, अजिंठ्यातही, पाटण्यातही. महिला मंडळाला आदल्या दिवशी निरोप द्या: अत्तर नको, वासाचं तेल नको, गजरा नको. धूर, उदबत्ती, दगड मारणं, आरडाओरडा यांनी त्या उठतात. उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही, पदराने तोंड-डोळे झाकून पळायचं, जमेल तितकं लांब. काटा नखाने खरवडून लगेच काढा, किती लवकर काढता ते महत्त्वाचं. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना.

पैसे. माणशी दर सांगू नका. चाळीस येणार म्हणून ठरतं, सत्तावीस येतात, आणि तुमचं काम तेवढंच राहतं. गटाचा एक आकडा सांगा. तो काढायला एवढंच करा: एका सहलीमागे तुमचे तीन दिवस जातात, एक फोनाफोनी आणि तयारीत, एक सहलीत, एक विश्रांती आणि हिशेबात. तुम्हाला दिवसाचे जेवढे मिळायला हवेत त्याची तिप्पट, अधिक आतल्या गाईडचे, अधिक छपाई-प्रवास. तिकिटं, बस, डोली, जेवण यात धरलेलं नाही हे व्हॉट्सॲपवर लिहून द्या. एक तृतीयांश आगाऊ. पंचवीसच्या वर गट गेला तर सोबत दुसरा माणूस आणि त्याचे वेगळे पैसे. ३४ जणांना एकटीने सांभाळणं हा तुमच्या पहिल्या सहलीतला अर्धा घोटाळा होता. टी-पॉइंटला दगड-स्फटिकांच्या दुकानांतून कमिशनची विचारणा होईल. घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण घेतलंत तर त्या दुकानासमोर गटाला थांबवण्यात तुमची वीस मिनिटं जातील, आणि बायकांना ती लगेच कळतात.

आणि मंडळाच्या अध्यक्षांना आजच फोन करा. सोमवारी अजिंठ्यात गर्दी नसते हे अगदी खरं आहे, कारण सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवार धरा. मंगळवारी वेरूळ बंद असतं, म्हणून ‘जाता जाता वेरूळही करू’ असं कोणी म्हणालं तर तेही आत्ताच मोडून काढा.